चट्टा गेला, घरही गेलं

गेल्या ३० जानेवारीला वैजापूर तालुक्यातल्या एका गावात ग्रामसभेला गेले होते. गांधीजींच्या पुण्यतिथीचा हा दिवस आपल्याकडे कुष्ठरोगविरोधी दिन म्हणून पाळतात. २०१७ पासून 'स्पर्श' मोहिमेत त्या दिवशी गावोगाव एक प्रतिज्ञा वाचली जाते. मारुतीच्या पारासमोर सतरंज्या, पुढे प्लॅस्टिकच्या खुर्च्या, खरखरणारा माईक. सरपंचांनी कागद धरून वाचलं, लोकांनी मागून म्हटलं: कुष्ठरोग बरा होतो, रुग्णाशी भेदभाव करणार नाही, त्याला आपल्यात सामावून घेऊ. बाया मोजून दहा-बारा, त्याही आशाताई आणि अंगणवाडीताई धरून. मग चहा झाला.

पुढच्या खुर्च्यांवर एक गृहस्थ बसले होते. हात पुढे करून, स्पष्ट आवाजात त्यांनी प्रतिज्ञा म्हटली. सभा संपल्यावर मला ओळखून म्हणाले, "या ताई, घराकडं चला, चहा घेऊ." त्यांच्या घराचा ओटा मला चांगला ठाऊक आहे. त्या ओट्यावर मी चार वेळा बसून आले आहे, त्यांच्या सुनेसाठी. सून बरी होऊन दोन वर्षं होऊन गेलीत आणि ती अजून माहेरी आहे. तिला ज्या आजारामुळे घालवली त्याच आजाराची प्रतिज्ञा तिचा सासरा म्हणत होता, आणि मला खात्री आहे की त्यात त्याला काही विसंगत वाटलं नसेल.

हा लेख त्या सासऱ्याबद्दल नाही. मी गावाचं नाव लिहीत नाही, तिचंही लिहीत नाही. त्या घरात जे घडलं ते 'अडाणीपणामुळे' घडलं असं आपण सगळ्याजणी गेली कित्येक वर्षं म्हणत आलो, माझ्याही प्रकल्प-अहवालांत मी तसंच लिहीत आले. ते खोटं आहे, एवढंच मला सांगायचं आहे.

आधी तिची हकिकत.

तिचं लग्न झालं तेव्हा तिला अठरा पुरी होऊन तीन महिने झाले होते. सासरी पाच एकर कोरडवाहू, कपाशी आणि मका, विहिरीला पाणी टिकलं तर कांदा. दुसऱ्या बाळंतपणानंतर डाव्या हाताच्या करंगळीला मुंग्या यायला लागल्या. एके दिवशी चुलीवरचं भगुलं फडक्याशिवाय उतरवलं. तळहाताला टपोरा फोड आला तेव्हा सासूने तो दाखवला; हिला कळलंच नव्हतं. "ताई, हात भाजला तं मला ठावंच नाही," असं ती मला नंतर सांगत होती, स्वतःचंच नवल वाटल्यासारखं. पाठीवर एक फिकट चट्टा होता. तो तिला दिसणार कसा? नवऱ्याला मात्र कधीचा दिसला होता. त्याने गजकर्ण म्हणून मलम आणलं आणि विषय संपवला.

पुढे कुष्ठरुग्ण शोध मोहिमेत आशाताई घरी आल्या. चट्ट्यावर पेनाचं टोक टोचून बघितलं, हिला कळेना. घाटीत तपासणी झाली आणि बारा महिन्यांचे औषधांचे पाकिट सुरू झाले. औषध फुकट, दर महिन्याला पाकीट नवं. तिने एकही पाकीट चुकवलं नाही. कुष्ठरोग प्रामुख्याने त्वचा आणि मज्जातंतू यांचा आजार. वेळेत औषध मिळालं तर खुणाही राहत नाहीत. औषधाच्या पहिल्या मात्रेनंतर काही दिवसांतच रुग्णाकडून दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता जवळजवळ संपते. आणि मुळात शंभरातल्या पंच्याण्णव माणसांच्या अंगात या जंतूला पुरून उरणारी ताकद उपजतच असते. हे सगळं त्या घरात मी स्वतः बसून सांगितलंय. त्यांनी ऐकलंय. सासऱ्याला ते माझ्याइतकंच पाठ आहे.

पण औषधांत क्लोफाझिमिन नावाची एक गोळी असते. तिने कातडीचा रंग बदलतो, तांबूस, मग काळपट होतो. औषध बंद झाल्यावर काही महिन्यांनी रंग हळूहळू परत येतो. पुरुष काळवंडला तर उन्हात राबतो म्हणून खपून जातं. बाई काळवंडली की गल्ली विचारते. हळदी-कुंकवाला विचारते, नळावर विचारते, लग्नाच्या पंगतीत विचारते. चार महिन्यांत तिचा चेहरा असा झाला की जाऊ तिला आरशासमोर उभी करून म्हणाली, बघ तू कशी दिसतीस. महिन्यातून एकदा घ्यायच्या मोठ्या मात्रेने लघवी लाल होते, तेही तिला कोणी आधी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती रक्त जातंय म्हणून रडत बसली होती. आमच्या आरोग्यशिक्षणाच्या तक्त्यांवर चट्टा असतो, जंतू असतो, गोळ्यांचं पाकीट असतं. औषध घेतल्यावर बाईचं रूप बदलेल आणि त्या रूपावरून तिला घरात काय भोगावं लागेल, हे कुठल्याच तक्त्यावर मी पाहिलेलं नाही. मग बाया औषध मध्येच सोडतात आणि आम्ही रजिस्टरमध्ये 'उपचार अपूर्ण' असा शेरा मारतो.

तिने सोडलं नाही. तिचं ताट वेगळं झालं, अंथरूण गोठ्याशेजारच्या खोलीत गेलं, अंगावरचं लेकरू सासूने ओढून घेतलं. आणि मग ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं वाक्य आलं: चार दिवस माहेरी जाऊन आराम कर. भावाला फोन गेला, मोटारसायकल आली, पिशवीत दोन लुगडी आणि उरलेल्या गोळ्या. पोरं ठेवून घेतली. वर्षाच्या आत नवऱ्याने दुसरी आणली. कागदावर काही नाही. लग्न नाही, घटस्फोट नाही.

आता त्याच गावातलं दुसरं घर. तिथे आजार पुरुषाला झाला, पन्नाशीच्या आतबाहेरच्या. त्याचं निदान हिच्याहून उशिरा झालं, उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली, पायाला जखम. त्याची बायको रोज संध्याकाळी घमेल्यात पाणी घेऊन त्याचा पाय भिजवते, खरवडते, तेल लावते, चपला बघते. त्याचं ताट वेगळं झालं नाही. त्याला भाकरी कुस्करून देतात. शेजारी त्याच्याकडे तंबाखू मागायला येतात. ग्रामसभेत तोही होता, सगळ्यांबरोबर सतरंजीवर.

दोन्ही घरं एकाच गल्लीतली. एकच आशाताई, एकच औषध, तीच माहितीपत्रकं. मग अडाणीपणा एका घरात आहे आणि दुसऱ्या घरात नाही, असं कसं? पुरुषाला झालं की लोकांना विज्ञान कळतं आणि बाईला झालं की पूर्वजन्मीचं पाप आठवतं, असं हे ज्ञान कुठलं?

मी या कामात आले तेव्हा एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात शिकवलेलं डोक्यात पक्कं होतं: कलंक म्हणजे भीती, भीती म्हणजे अज्ञान, अज्ञानावर उपाय प्रबोधन. अकरा वर्षं प्रबोधन करून माझं मत बदललं. जंतूची भीती खरी असती तर ती जंतूच्या मागे गेली असती. ती बाईच्या मागे जाते. सुनेचा हात बधिर झाला म्हणजे ती कापूस वेचायला, खुरपायला, धारा काढायला पहिल्यासारखी उपयोगी नाही. दुसरी आणली तर हातही मिळतात आणि काही ना काही देणं-घेणंही होतं. पहिलीचा पोटगीचा, शेतातल्या हिश्शाचा प्रश्नच येत नाही, कारण 'तिला तो रोग आहे' असं म्हटलं की चार माणसं माना डोलावतात. कुठल्याही सासरवाडीला इतकं सोयीचं कारण दुसरं मिळत नाही. हुंड्यासाठी घालवली म्हटलं तर निदान गाव नावं ठेवतं. आजारासाठी घालवली तर गाव हळहळतं, आणि तेही नवऱ्यासाठी: बिचाऱ्याचं नशीब.

आमच्या तालुक्यात शिऊर आहे. संत बहिणाबाईंची समाधी तिथे आहे. तुकोबांची ही शिष्या, १६२८ ते १७०० असा तिचा काळ, आणि तिने स्वतःच्या आयुष्याची हकिकत अभंगांत सांगून ठेवली आहे. त्यात हे येतं: तिच्या भक्तीचा राग येऊन नवरा मारतो, तिला टाकून निघून जायचं ठरवतो, ती तेव्हा गरोदर. आणि नेमका तेव्हाच तो तापाने आजारी पडतो, महिनाभर अंथरुणाला खिळतो. त्या महिन्यात त्याची सेवा कोण करतं? तीच, जिला तो टाकणार होता. कीर्तनकार हा प्रसंग सांगतात तेव्हा पतिसेवेचा महिमा म्हणून सांगतात आणि समोरच्या बाया डोळे पुसतात. मी दर वेळी एवढंच मनात म्हणते, ताप तिला आला असता तर? कीर्तनात हा प्रश्न विचारायची सोय नाही, म्हणून इथे विचारते.

कायद्याकडे येऊ, कारण बैठकीत हटकून कोणीतरी म्हणतं की आता कायदा बदललाय.

बदललाय, खरं आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराला 'तीव्र आणि असाध्य' कुष्ठरोग असणं हे घटस्फोटाचं कारण होतं. सुरुवातीला निदान तीन वर्षं तो आजार असायला हवा अशी अट होती. १९७६ च्या दुरुस्तीने ती अटही काढून टाकली, म्हणजे वाट आणखी सोपी केली. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. १९८३ पासून आपला राष्ट्रीय कार्यक्रम निर्मूलनाच्या नावाने चालू झाला. म्हणजे सरकारी दवाखाना म्हणत होता हा रोग बरा होतो, आणि सरकारी कायदा म्हणत होता असाध्य आहे. दोघंही एकाच सरकारचे, आणि हे असं सदतीस-अडतीस वर्षं चाललं. २००५ च्या अखेरीस दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण उरले म्हणून देशाने कुष्ठरोग 'दूर झाल्याचं' जाहीर केलं, तरी कलम जागेवरच. २०१५ मध्ये कायदा आयोगाने त्यावर अहवाल दिला. १८९८ चा कुष्ठरोग्यांना कोंडून ठेवणारा इंग्रजांचा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. आणि २०१९ मध्ये वैयक्तिक कायदे (दुरुस्ती) अधिनियमाने पाच कायद्यांतून एकदम हे कारण गेलं: ख्रिस्ती, मुस्लिम, हिंदू, विशेष विवाह, आणि हिंदू दत्तक व पोटगीचा कायदा. मीही त्या दिवशी ती बातमी दहा ठिकाणी पाठवली.

हे कलम कागदावर नवरा-बायको दोघांना सारखंच लागू होतं. बायकोलाही नवऱ्यापासून सुटता येत होतं, पोटगीच्या कायद्यात तर कुष्ठरोगी नवऱ्यापासून वेगळं राहून पोटगी मागायचा हक्कच होता. २०१९ ला तोही गेला. त्याबद्दल काही मैत्रिणींनी नाराजी व्यक्त केली होती. मला ती पटत नाही. तो हक्क वापरलेली एकही बाई माझ्या पाहण्यात नाही, आणि बाईला नको असलेल्या घरातून बाहेर पडण्यासाठी दुसऱ्याच्या आजाराचं बोट धरावं लागू नये. १९७० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं या कारणावरचं गाजलेलं प्रकरण काय आहे? आजार बायकोला. घटस्फोट मागणारा नवरा, आणि त्याच्या नावापुढे 'डॉक्टर'. घटस्फोट मिळाला. अज्ञानाचा मुद्दा मांडणाऱ्यांनी हे प्रकरण एकदा डोळ्यांखालून घालावं.

पण खेड्यातल्या बाईला २०१९ ने काय दिलं? तिचा नवरा कोर्टात गेलाच नव्हता. त्याला कलमाची गरजच नव्हती. भावाला फोन केला, मोटारसायकल आली, झालं. कलम रद्द होतं, मोटारसायकल रद्द कशी करणार? आणि जे कोर्टात जातात त्यांच्या वकिलांनी दुसरं दार शोधलेलं आहे. लग्नाआधी आजार लपवून ठेवला, फसवणूक झाली, लग्नच रद्द करा. लग्नानंतर सात वर्षांनी आलेल्या चट्ट्यालाही ते जुनाच ठरवू पाहतात, कारण या जंतूला दिसायला पाच-पाच, कधी वीस वर्षंही लागतात हे आम्हीच त्यांना शिकवलं आहे. गुप्तरोग आणि मानसिक आजार ही कारणं तर कायद्यात अजून आहेतच. एच.आय.व्ही.ने नवरा गेलेल्या किती जणींना आपण पाहिलंय, रोग त्याने आणला आणि 'नवरा खाल्ला' ही. त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल.

आता माझी चूक सांगते. ती लपवून हा लेख लिहिणं बरोबर होणार नाही.

तिचं औषध पूर्ण झालं तेव्हा मला वाटलं आता काम सोपं. उपचार पूर्ण झाल्याचा कागद मी मिळवला, शिक्का, सही, तारीख. तो घेऊन सासरी बैठक बसवली. पोलीस पाटील, दोन्हीकडची चार-चार माणसं, आमच्या संघटनेच्या दोघी. मी कागद वाचून दाखवला, ही पूर्ण रोगमुक्त आहे. सासऱ्याने तो हातात घेतला, नीट घडी उलगडून बघितला आणि शेजारच्याला दिला. त्याने पुढच्याला. कागद फिरत राहिला. तोपर्यंत गावात कुजबूज होती, कोणी कोड म्हणे, कोणी करणी म्हणे. आता आजाराचं नाव सरकारी शिक्क्यानिशी सगळ्यांच्या हातात. 'मुक्त' हा शब्द कोणी वाचला नाही. बैठक मोडली. तो कागद मला परत मिळाला नाही. पुढे तो त्यांच्या वकिलाच्या फायलीत निघाला.

मी तिला न विचारता तो कागद बाहेर काढला होता. तिला विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती, असं तिने नंतर सांगितलं. रागाने नाही, साधं सांगितलं. मी सिद्ध काय करत होते? ती घरात राहण्याच्या लायकीची आहे हे. घर तिचं होतं. लग्न करून आलेल्या बाईला राहत्या घरात राहण्यासाठी निरोगी असण्याचा दाखला लागत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात ती आजारी आहे की बरी आहे हा प्रश्नच नाही. तिला घरातून काढलं ही हिंसा, एवढंच पुरेसं. मी डॉक्टरच्या दारातून आत शिरले. वकिलाच्या दारातून जायला हवं होतं.

आणि आपल्या चळवळीचं काय? टाकलेल्या बायांचा प्रश्न महाराष्ट्रात आपणच रस्त्यावर आणला. आमच्यापासून फार लांब नसलेल्या संगमनेरात समता आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस परित्यक्तांची परिषद घेतली तेव्हा मी पाळण्यात होते. 'परित्यक्ता' हा शब्द शासनाच्या योजनांत आला तो अशा लढ्यांमुळे. पण आमच्या सल्ला केंद्राचा तक्रार-अर्ज बघा. 'छळाचं कारण' याखाली चौकटी आहेत: हुंडा, दारू, संशय, मूल न होणं, मुलीच होणं, दुसरं लग्न. आजाराची चौकट नाही. तो 'इतर'मध्ये जातो. एका संध्याकाळी जुनी रजिस्टरं काढून मी फक्त 'इतर' वाचत बसले. टी.बी. फिट येते. कोड. डोक्यावर परिणाम. पिशवी काढली. एच.आय.व्ही. पुन्हा कोड. एकीच्या पुढे नुसतं 'अंग बाहेर येतं'. या सगळ्या कारणांच्या पुढे आम्ही शेरा काय मारला होता? 'वैद्यकीय उपचारांबाबत मार्गदर्शन केले.' दारूच्या पुढे 'समुपदेशन', हुंड्याच्या पुढे 'पोलीस ठाणे', आणि आजाराच्या पुढे दवाखाना. तक्रार घेऊन आलेली बाई टाकलेली होती, आम्ही तिला रुग्ण करून परत पाठवली.

कोडाचं तर काय सांगावं. ना संसर्ग, ना दुखणं, नुसता रंग जातो. पण जुन्या माणसांनी त्याला श्वेतकुष्ठ म्हणून ठेवलं आणि तेवढ्या एका शब्दावर मुलींची लग्नं अडली, झालेली मोडली. पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांनी स्वतःला कोड असताना 'श्वेता असोसिएशन' काढली आणि कोड असलेल्यांना एकत्र केलं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा २००६ चा चित्रपट याच विषयावर आहे. शिबिरात दाखवायला चांगला आहे. मी दोनदा दाखवलाय.

कुष्ठरोग म्हटलं की आपल्याकडे लगेच थोर माणसांची नावं येतात. मनोहर दिवाणांचं दत्तपूर १९३६ चं, शिवाजीराव पटवर्धनांचं अमरावतीचं तपोवन १९४६ चं, बाबा आणि साधनाताई आमट्यांचं आनंदवन १९४९ चं. या माणसांपुढे मी नतमस्तक आहे. पण ही गावं वसवावी का लागली? आपल्या गावांनी माणसं हाकलली म्हणून. त्या हाकलणाऱ्या गावांनीच पुढे तिथे सहली नेल्या, देणग्या दिल्या, भेटकार्डं विकत घेतली आणि हात धुतले. आमच्या तालुक्यातली सुखवस्तू मंडळी मला सांगतात, "तिला आनंदवनात का नाही पाठवत? तिथं फार छान सोय असते." तिला सोय नको आहे. तिला तिची पोरं हवी आहेत. गांधीजी सेवाग्रामला परचुरे शास्त्रींच्या जखमा स्वतः धूत होते, त्याचं छायाचित्र दर ३० जानेवारीला फलकावर लागतं. गांधींनी त्यांना दुसऱ्या कुठल्या आश्रमात धाडलं नव्हतं, आपल्याच आश्रमात झोपडी दिली होती, हे मात्र फलकावर नसतं.

आणि हे फक्त सुखवस्तूंचं नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या शिबिराला मी तिला घेऊन गेले. स्वयंपाकाची पाळी होती, ती आपणहून परात ओढून भाकरी थापायला बसली. बधिर हाताने ती तव्याजवळ जात नाही, उजव्या हाताने थापते आणि दुसरी कोणी भाजते, असं ती काम वाटून घेते. पंगत बसली. त्या दिवशी आमच्यातल्या चौघी-पाचजणींना भूक नव्हती. एकीचा उपास निघाला. या माझ्या वर्षानुवर्षांच्या मैत्रिणी आहेत, दारूबंदीत माझ्याबरोबर लाठ्या खाल्लेल्या. तिने भाकऱ्या मोजल्या होत्या, कारण मोजून थापल्या होत्या. रात्री अंथरुणावर ती मला म्हणाली, "ताई, सात उरल्या." मी काही बोलले नाही. सकाळच्या सत्रात विषय होता 'आरोग्य आणि हक्क', आणि तिथेही मी तो मुद्दा काढला नाही. आज काढते आहे. वाचणाऱ्या काहीजणी त्या पंगतीत होत्या. त्यांनी रागवायचं असेल तर रागवावं, पण पुढच्या बैठकीत समोरासमोर बोलावं.

देशात आजही दर वर्षी एक लाखाहून अधिक नवे कुष्ठरुग्ण सापडतात, जगातल्या एकूण नव्या रुग्णांच्या निम्म्याहून जास्त. त्यांत दर दहांत साधारण चार बाया. त्या चारजणींचं निदान झाल्यावर घरात काय होतं हे मोजणारा रकाना आरोग्य खात्याकडे नाही, हे मी समजू शकते. त्यांचं काम जंतू मोजणं. आपल्या अर्जात तो रकाना नसावा याला मात्र काही सबब नाही. 'आजारपणामुळे घराबाहेर काढले', ही चौकट अर्जावर छापा, 'इतर'च्या आधी. अशी बाई आली की पहिला प्रश्न औषधाचा विचारू नका. घर कोणाच्या नावावर, पोरं कोणाकडे, अंगावरचं सोनं कुठे, हे विचारा. राहत्या घराच्या हक्काचा अर्ज आणि पोटगीचा अर्ज, जो आधी कलम १२५ खाली करायचो आणि १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या कलम १४४ खाली करतो, तो त्याच आठवड्यात गेला पाहिजे. आजाराचं नाव कागदावर घालायचं की नाही, हे ती ठरवेल. आशाताईंशी बोलून ठेवा की बाई माहेरी धाडली गेली तर तिचं पाकीट तिच्या मागोमाग तिकडे गेलं पाहिजे. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत या आजाराच्या रिॲक्शनचा धोका वाढतो, हाता-पायांच्या नसा सुजतात, तेव्हा लगेच दुसरं औषध चालू झालं नाही तर बोटं कायमची वाकतात. आणि नेमक्या त्याच महिन्यांत आपल्याकडे बाई माहेरी असते, दवाखाना बदललेला असतो. तिची करंगळी अशीच गेली.

तिचा खटला वैजापूरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर चालू आहे, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली. घराचा हक्क, पोटगी आणि पोरांना भेटण्याची परवानगी अशा तीन मागण्या आहेत. मागच्या तीन तारखांना सासरकडून कोणी आलं नाही, पुढची तारीख घेतली. आमच्या बाजूने दर वेळी ती, तिचा भाऊ आणि मी, एवढेच असतो. समोर मात्र वकिलाच्या टेबलाभोवती गावातली आठ-दहा माणसं उभी असतात, नुसती उभी. तिला त्यांच्यामधून चालत आत जावं लागतं. आता तिचा रंग पुष्कळसा निवळलाय. मागच्या वेळी त्यातला एकजण दुसऱ्याला म्हणाला, हीच का ती, बरी दिसतीय की.

तारखेच्या दिवशी आपल्या दहा-पंधराजणी आल्या तर तेवढी वाट तिला मोकळी होईल. रोटेगाव स्टेशनवर उतरलं की वैजापूर जवळच आहे, रिक्षा मिळतात. तारीख मी तालुका केंद्रावर कळवून ठेवते. डबा आणू नका, भाकऱ्या ती करून आणणार आहे.